तांदळाची भाकरी, नग शंभर

मी, सौ. गोदा काशीराम गोताड, वय ५७ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार कातळवाडी, ता. जि. रत्नागिरी. आज दि. १६/१२/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. आमच्याच वाडीतील विनोद धाकू रहाटे याने माझ्याविरुद्ध दिलेला चोरीचा तक्रार अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. चोरीस गेलेला माल म्हणून त्यात 'तांदळाची भाकरी नग शंभर, किंमत अंदाजे रुपये चार हजार, व एक टोपली' असे लिहिले आहे. टोपली माझी आहे. भाकऱ्यांचे पुढीलप्रमाणे सांगते.

भातकापणी उरकली की आमच्या वाडीखालच्या वहाळावर दरवर्षी रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालतात. पाणी अडले तर विहिरी मे महिन्यापर्यंत तग धरतात. बंधाऱ्याला जो हात लावील त्याला वाडीने जेवू घालायचे, त्यासाठी घरटी पाच भाकऱ्या द्यायच्या, अशी आमची रीत आहे. या भाकरीचे पैसे आजवर कोणी मागितले नाहीत. कोणी देऊ केले असते तर आम्हाला राग आला असता.

दि. १२ रोजी विनोद घरोघर फिरून सांगून गेला की, रविवारी मुंबईची माणसे बंधारा बांधायला येणार आहेत, भाकऱ्या तयार ठेवा. मी म्हटले, "अरे, भात आत्ता कुटं घरात आलंय." त्यावर तो बोलला, "काकी, चार भाकऱ्या तर हायत, त्यात काय एवढं?" त्याप्रमाणे रविवारी सकाळी सगळ्या घरांतून उकड काढून भाकऱ्या थापल्या गेल्या. गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते.

वाडीत हौसा शितप ही ऐंशीच्या पुढची बाई एकटी राहते. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही व हातही थरथरतो. मी तिला सांगितले की तुझ्या वाटच्या पाच मी करते. ती बोलली, "वहालाचं पानी मी पन पितंय. मग माझी भाकरी मीच थापीन." तिच्या भाकऱ्या जाड झाल्या होत्या व एकीची कड करपली होती. मी त्या टोपलीत सर्वांत वर ठेवल्या.

दुपारी विनोदच्या अंगणात मांडव घातला होता तेथे मी वाढायला गेले. पंगतीतल्या एका बाईने मला सांगितले की भाकरी थंड आहे व करपलेली आहे, माणशी बाराशे रुपये भरले आहेत तर निदान गरम तरी द्या. मी कसले पैसे म्हणून विचारले. तिने मोबाईल दाखवला. त्यात 'गावातला एक दिवस, बंधारा बांधा आणि चुलीवरची भाकरी खा' असे लिहिले होते व खाली विनोदचा नंबर होता. त्या बाईला मी दोष देत नाही. पैसे भरलेला माणूस गरम मागणारच. बंधाऱ्याचे म्हणाल तर गोण्यांचे दोन थर लावून, फोटो काढून मंडळी जेवायला वर आली होती.

एवढ्यात विनोद आला. त्याने बाईची माफी मागितली, तिच्या पानातली भाकरी उचलली व अंगणातल्या कुत्र्यापुढे टाकली. हसत म्हणाला, "म्हातारीची हाय ती, तिला दिसत नाय." ती हौसाकाकीचीच भाकरी होती. कड मी ओळखली.

मी त्याला जाब विचारला. तो बोलला, "काकी, पाहुन्यांसमोर नको. पीठच तर हाय." मी म्हटले, "पीठच हाय ना, मग बस चुलीशी नि थाप." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण पीठही दुसऱ्याचे, हातही दुसऱ्याचे आणि वर चव नाही म्हणून कुत्र्याला, हे मी पहिल्यांदा पाहिले. मी टोपली उचलली व निघाले. कोणाच्या पानातली भाकरी काढून घेतली नाही. अर्जात शिवीगाळ लिहिली आहे. मी 'शरम नाय तुला' एवढेच बोलले. ती शिवी असेल तर तशी नोंद घ्यावी.

टोपली घेऊन मी वहाळावर गेले. मागोमाग वाडीतल्या विमला, मथुरा व इतर बायका आल्या, मग घरचे पुरुष आले. उरलेल्या गोण्या आम्ही भरल्या, बंधारा पुरा केला व काठावर बसून सुक्या जवळ्याच्या चटणीशी भाकऱ्या खाल्ल्या. त्यामुळे मुद्देमाल परत करता येणार नाही. पाणी अडले आहे, ते पंचांनी येऊन पाहावे.

अर्जात भाकऱ्या शंभर लिहिल्या आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त विनोदच्या पाहुण्यांनी अगोदरच खाल्ल्या होत्या व त्यांचे पैसे त्याला मिळाले आहेत. तेच तो माझ्याकडून पुन्हा मागतो. मागायला दारात आला तेव्हा 'त्यात काय एवढं' होते, मी उचलल्या तेव्हा नगाला चाळीस रुपये झाले. हा भाव वाडीत कोणी लावलेला नाही, त्याने लावला आहे. तो लिहून ठेवावा.

चौकशीसाठी घरटी एका बाईला बोलावणार असल्याचे मला सांगण्यात आले. बाकीच्या येतील. हौसा शितप हिला बोलावू नये अशी माझी विनंती आहे. रविवारी संध्याकाळी तिने मला विचारले, "पोरांनी खाल्ली काय गो माझी भाकरी?" मी सांगितले की खाल्ली, आणि ही कोणी केली म्हणून पोरं विचारत होती. तेव्हापासून ती पुढच्या वर्षीच्या भाकरीचे तांदूळ बाजूला काढून ठेवते आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. हौसाकाकीला जे सांगितले तेवढे खोटे आहे, बाकी सर्व खरे आहे.