अर्नेटाबाई पडद्यावर बोलतात

१९५७ साल. लॉस एंजेलिसमध्ये, काळ्यांच्या वस्तीतल्या थिएटरबाहेर व्हेल्मा रांगेत उभी होती. तिच्या पुढे सिनेमात छोटी कामं करणाऱ्या अर्नेटाबाई आणि त्यांची लेक लोरीन.

“आई, पुन्हा मोलकरीणच ना?”

“मोलकरीण खरी, पण या वेळी बोलते!”

“काय, ‘हो बाईसाहेब’?”

“लिहिलं तेच होतं गं. गोरी नायिका रडत होती. मी म्हटलं, ‘लवकर रडून घ्या बाईसाहेब, घरी माझीही लेक वाट बघतेय.’ दिग्दर्शक हसला, म्हणाला, राहू दे.”

“नंतर कापलं असेल.”

“कापलं असेल तर महिनाभर तुझ्या हातचं जेवीन. आणखी काय शिक्षा हवी?”

आत सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर ते वाक्य आलं. अख्खं थिएटर उठून ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं लोरीन: “ती लेक मी!”

अर्नेटाबाईंना पुढेही मोलकरणीच्याच भूमिका मिळाल्या, पण मुक्या नाहीत. लोरीन नाटकं लिहू लागली. व्हेल्मा नातवंडांना तो आरडाओरडा अजून करून दाखवते.