इम्मानुएल म्हणजे काय

आई : खुर्च्या नंतर उचला, बाई. आधी मला सांगा, माझ्या मुलीला वर्गात ते बोलायला कोणी लावलं?

बाई : कोणीही लावलं नाही. ती आपणहून बोलली. ये, बस.

आई : बसायला नाही आले. शिवण मशीनवर तशीच टाकून आलेय. ती घरी येऊन सांगते, बाईंनी मला ताई म्हटलं, सगळ्यांसमोर. आमच्याकडे बाळाचा विषय कोणी काढत नाही, तुम्हाला ठाऊक होतं. मी दवाखान्यातून घरी यायच्या आधीच ह्यांनी पाळणा देऊन टाकला.

बाई : ठाऊक होतं. म्हणून तर मीही कधी विषय काढला नाही. आज काय झालं ते ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

आई : सांगा.

बाई : आज रविवारच्या वर्गात येशूची नावं शिकवत होते. मेंढपाळ, प्रकाश, राजा. पोरं नुसती पाठ करतात आणि मोकळी होतात. म्हणून म्हटलं, आधी आपली नावं बघू. मला इथे बाई म्हणतात, घरी आजी म्हणतात, माझ्या थोरल्या भावाची मी अजून छकुली आहे. त्यावर पोरं खूप हसली. मग म्हटलं, बघा, आपण कोणाचे कोण, हे नावावरून कळतं. एकेक जण आपली नावं सांगू लागला. कोणी गोलकीपर, कोणी घरातलं शेंडेफळ. तुझी लेक उठली आणि म्हणाली, मी ताई आहे.

आई : कोणी काही म्हणालं?

बाई : दोघं-तिघं म्हणाले, तुला कुठे भाऊ आहे? ती तशीच उभी. बसेना. माझ्याकडे बघत राहिली.

आई : मग विषय बदलायचा होता.

बाई : नाही जमलं मला. म्हटलं, हो, तू ताई आहेस. मग ती बसली.

आई : इतके महिने मी मनावर दगड ठेवून वावरतेय, तिने विसरावं म्हणून. आणि तुम्ही एका शब्दात खपली काढलीत.

बाई : ती विसरली नव्हती गं. एकटीच धरून बसली होती.

आई : अजून काहीतरी झालंय. घरी आल्यापासून एकच शब्द घोकतेय. इम्मानुएल. आत्ताही बाहेर पायरीवर तेच चाललंय.

बाई : पुढचं नाव तेच होतं. इम्मानुएल म्हणजे आपल्याबरोबर देव, असं मी सांगितलं. तिने हात वर केला. म्हणाली, दवाखान्यात बाळ काचेच्या पेटीत होतं, तेव्हा येशू बाहेर उभा होता की आत?

(आई खुर्ची ओढून बसते.)

आई : पेटीचं तिला कोणी सांगितलं? तिला तर आत सोडलंच नव्हतं.

बाई : दाराच्या काचेतून पाहिली म्हणे. बाबांनी कडेवर घेतलं होतं.

आई : हे मला बोलले नाहीत कधी. तुम्ही काय सांगितलंत तिला?

बाई : म्हटलं, लांबून बघत राहणाऱ्याला आपण ‘बरोबर होता’ म्हणत नाही. म्हणजे आत.

आई : आत होता, तर वाचवलं का नाही?

बाई : तेही तिने विचारलं.

आई : मग?

बाई : मला माहीत नाही म्हटलं. तारणारा हेही त्याचंच नाव. तुझ्या बाळाच्या बाबतीत ते कसं खरं, हे मला अजून दिसलेलं नाही. तरी मी ते नाव सोडलेलं नाही. पण लहान पोरीसमोर मला सगळं कळल्याचा आव आणवेना.

आई : मी पेटीला हात लावून बसायचे. नर्स म्हणायची, जरा पाठ टेका. मला वाटायचं, मी उठले तर त्याच्याजवळ कोणीच उरणार नाही. शेवटी ह्यांनी बळेच दोन घास खायला खाली पाठवलं. आणि नेमका तेवढ्यात गेला.

बाई : हे कोणाला बोललीस?

आई : कोणाला बोलू? घरात असं चाललंय, जणू तो झालाच नव्हता. मी नव्हते तिथे, बाई. आई असून नव्हते.

बाई : तू नव्हतीस. पण तो एकटा नव्हता, एवढं मी मानते.

आई : खरंच मानता? की मला बरं वाटावं म्हणून?

बाई : खरंच मानते. न मानता ते नाव तिला शिकवलं नसतं.

आई : मग अजून काय म्हणाली ती?

बाई : वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी घुटमळली. म्हणाली, काचेतून त्याचं तोंड नीट दिसलं नाही. आईला विचारायचंय, पण आई रडेल.

आई : रडेन. रडू दे. बाळा, आत ये गं. अशी जवळ बस. काय विचारायचं होतं तुला? तोंड ना? तुझ्यासारखंच होतं, हनुवटी तर अगदी तुझीच. आणि केस फार होते त्याला. डोकंभर.