सीटखालची बेल

तर ऐका, लेकानं माझी जीप मला न विचारता विकायला काढली! म्हणे, "आई, या वयात कशाला गाडी?"

मी किल्लीकडून स्टार्टरला जाणारी बारीक वायर तोडली, मध्ये दारावरच्या बेलचं बटण जोडलं आणि ते सीटखाली लपवलं. आता ते दाबल्याशिवाय जीप हूं की चूं करणार नव्हती.

लोणावळ्याचं गिऱ्हाईक आलं. किल्ली फिरवून फिरवून दमलं.

"मावशी, हिच्यात जीव न्हाई," म्हणालं आणि गेलं.

लेकानं कपाळावर हात मारला. मी चढले, बटण दाबून किल्ली फिरवली. जीप धडाडली!

"आई, आता कशी झाली चालू?"

"तिला मालकीण कोण ते कळतं. तुलाच सांगावं लागतं. बस मागं!"