नदीकाठचा नावाडी

दंतवैद्याकडे नंबर लावून बसलेल्या ग्रंथपालबाईंच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"ताई, तो जुना गेम आठवतो? राक्षस मारायचा सोडून तू नदीकाठीच बसायचीस."

"नावाड्यापाशी. तो मूळ गेममध्ये नव्हताच रे. खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी घरी बनवून नेटवर फुकट टाकला होता."

"काय सांगतेस! मला वाटायचं, कंपनीनंच केलाय."

"छे! कंपनीनं बनवलेली गेममधली माणसं नुसती कामं सांगायची. हा विचारायचा, 'पोरी, दमलीस का गं?' त्याच्यामुळे ती अख्खी नदी खरी वाटायची."

"आणि वल्हं मारता मारता खोकायचा!"

"आई गेली त्या वर्षी मी रोज जायचे त्याच्याकडे. घरात तेव्हा कोण कुणाला विचारत होतं?"

"बाबा तरी कुठे भानावर होते..."

"कुणी केला असेल रे तो?"

"मी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. दोघं वळून बघतच राहिली. "माझे वडील होडी चालवायचे. ते गेल्यावर त्यांचं बोलणं कुठे ठेवावं कळेना, म्हणून त्या गेममध्ये ठेवलं."



"त्यांचं नाव काय होतं हो?" ताईनं विचारलं.

तेवढ्यात आतून बाईंचा नंबर पुकारला.

"दुसऱ्या कुणाला घ्या," असं म्हणून बाई ताईशेजारच्या खुर्चीवर सरकल्या.