वरची उघाडी

अवं साहेब, परत सांगा, वाईच हळू सांगा — तुम्ही हवामानवाले, आमाला त्यातलं काय कळतंय? त्या दिसाचं वादळ वरून वाढलं म्हंता? असं कसं? वारा तर आमाला खालीच लागतो. — हां. थांबा, मी बोलते, चुकलं तर सांगा. दर्यावर चहूकडनं हवा गोळा होत व्हती, आन् लई उंचावरचा वारा ती वरच्या वर काढून नेत व्हता — आत येते त्याच्यापरीस जास्ती. मग हे तर आमच्या मिठागरासारखंच की! भरतीचं पानी आत येतं त्याच्यापरीस जास्ती उघाडीतनं, बांधाच्या दारातनं, भायेर सोडलं, की आतलं पानी उतरतंच. तशी हवा उतरली, आन् सकाळी मरगळलेलं वादळ दुपारी अंगावर आलं. आन् हे बांधावर उभ्या मान्साला दिसत न्हाय? कुनालाच न्हाय? तुमचा वरची हवा मोजायचा फुगा वर गेला तवा कळलं — तवर इकडं सगळं झालं व्हतं.

हिरामण, माझा थोरला. गेल्या कार्तिकात बांधाला खांड पडली, भगदाडच. खांड पडली की घरटी एक गडी जायाचाच, ही गावाची रीत — घरात मयत असलं तरी. ह्यांचा पाय कालवाच्या शिंपीनं कापलेला, म्हनून पोरगा निघाला. ह्यांनी दर्याकडं बघितलं, बोट ओलं करून वर धरलं, म्हनाले, वारा मावळतोय, बिनघोर जा. सगळा गाव ह्यांच्या बोटावर होड्या सोडायचा, साहेब! आन् खोटं न्हाय, वारा मावळलाच व्हता. खांड बुजली, पोरं हसत व्हती म्हनं — आन् मग दर्या बांधावरनं आला. बाकीचे वाचले. आमचा तिवरांत गावला, चिखलात.

तवापासनं हे बांधावरच बसतात. जेवायला येतात, ताटाकडं बघतात, जातात. — ते बघा, आलेच. त्यांना सांगा हे. फुग्याचं, वरच्या वाऱ्याचं, कुनालाच दिसलं नसतं ते. मी? मी कशी सांगू? हिरामणला अंगनात ठेवला व्हता, सगळा गाव जमलेला, आन् मी ह्यांना म्हनले — तुमीच मारलात त्याला. तेवढंच. पुढं आमचं बोलनंच झालं न्हाय. रोज वाटतं, जवळ जावं, पायाला हात लावावा — जीव तुटतो हो, पन जीभ उचलत न्हाय.

तुमी बसा, साहेब. नीट सांगा, मला सांगितलं तसंच, मिठागराचं धरून. — न्हाय, मी थांबत न्हाय, मी आत जाते. मी समोर असले की ते मान वर करीत न्हाईत.