चार वर्षांची मालकीण

आत्ती : त्ये काय सांगू नकोस मला. सुशीची फ्रॉकं पिशवीत भर. चारच्या एस्टीनं तिला माझ्याकडं कुरुंदवाडला नेतो, झालं.

सौंदर्या : आत्ती, हळू बोला. अप्पा आत झोपल्यात.

आत्ती : हळूच बोलालोय की!

सोमेश : ह्ये हळू? पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असंल.

आत्ती : बाजारात वांगी विकून विकून असाच झालाय आवाज, सोम्या. आणि मी काय उगंच आलोय व्हय? तुझ्या आईनं बूथवरनं फोन केलता. तुझा बाप ईरा माझा पाठचा भाऊ. रातपाळी करून येतोय, आणि दिवसा तुमी तिघं त्याच्या उशाशी धिंगाणा घालताय. परवा कारखान्यात मागावर कापड इणताना डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला त्याचा. आई तुझी कामावर. ह्या दोघांना सांभाळणार कोण?

सौंदर्या : मी.

आत्ती : तू! बारा वर्साची तू!

सौंदर्या : व्हय. शाळा सुरू होईपर्यंत मी. मग सुशी बालवाडीत जाती. आज तुमी बघाच. चारच्या आत आमच्या आवाजानं अप्पा उठले, तर मीच तिची पिशवी भरून देतो. न्हाय उठले, तर ती हितंच ऱ्हाणार.

सोमेश : अक्का, पैज लावू नकोस. परवा सापशिडीत साप चावला म्हणून सुशीनं केवढं भोकाड पसरलं.

सौंदर्या : सापशिडी तुझ्या मापाची. तिच्या मापाचं काय काढलं की तू जांभया देतोस, आणि मग तिला चिमटा काढतोस. म्हणून आज खेळ एकच, कामं मात्र येगळी. त्यो स्टूल उलटा कर. चार पाय वर. ह्यो आपला माग.

सोमेश : आणि?

सौंदर्या : ही सुताची गुंडी. पायांना सूत बांधायचं, मधनं चिंध्या घालून कापड इणायचं. आत्ती, अप्पा कारखान्यात कसं बोलतात म्हायती हाय?

आत्ती : तोंडानं. दुसरं कशानं?

सौंदर्या : न्हाय. मागांच्या खडखडाटात तोंडाचं कोण ऐकणार? समदं हातानं. चिमूट दावली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडं नेला की च्या प्यायला चल. मिशी पिळली की मालक आला. अप्पांनीच शिकवलंय आमाला. तर आता ह्या सोप्यात माग चालू हायत असं समजा. कुणी बोललं तरी कुणाला ऐकूच येणार न्हाय.

सोमेश : मग बोलायचंच न्हाय?

सौंदर्या : उंबऱ्याबाहेर च्याचा गाडा. तिथं येऊन कुजबुजायचं.

सोमेश : मी मालक.

सौंदर्या : मालक सुशी.

सोमेश : का? मोठा मी हाय!

सौंदर्या : म्हणूनच. मालकाला काय येतंय? नुसतं फिरायचं आणि बोट दावायचं. तिला त्येच आवडतंय. तू जॉबर. माग बिघडला तर दुरुस्त कोण करणार, मालक?

सोमेश : ...पकड घेऊ का अप्पांची?

सौंदर्या : घे. पाडलीस तर बघ.

आत्ती : आणि मी काय करू? भिताडाला टेकून बसू?

सौंदर्या : तुमी कांडीवाली. ह्या पेन्सिलीवर सूत गुंडाळायचं. चला, भोंगा झाला. आता आवाज बंद.

—

सोमेश : अक्का, ये की गाड्यावर. मालक लई छळाल्यात. दोन डाव उसवायला लावलं मला.

सौंदर्या : मग?

सोमेश : मग काय, उसवलं. आता कापड सरळ आलंय पर. दावू अप्पांना?

सौंदर्या : उठल्यावर. जा, माग बंद ठेवू नकोस.

आत्ती : सौंदर्या, थांब. ती टोपडं घातलेली मालकीण माझ्याकडं सारखं बोट का दावालीय?

सौंदर्या : कांडी ढिली झालीय तुमची. परत गुंडाळा म्हणती.

आत्ती : आगं बया! तीस वर्सं मी बाजारात लोकांचं माप काढलं आणि ही मला... हा हा हा!

(आत कॉट करकरते. सगळे जागच्या जागी.)

सोमेश : कूस बदलली. घोरायला लागले परत.

सौंदर्या : आत्ती!

आत्ती : चुकलं बाई. तोंडावर पदर धरतो. पर ती मिशी पिळती कशी बघ की, आमच्या बापावर गेलीय डिट्टो.

सोमेश : अक्का, बघ! सुशीचं बोट सापडलं स्टुलात! तोंड उघडलं तिनं!

आत्ती : गेलं. आता घर डोक्यावर घेती.

सौंदर्या : थांबा. चिमूट दावालीय ती. धागा तुटला म्हणती. पळ जॉबर, गाठ मार जा, आणि तिला हिकडं आण. गाड्यावर रडायला परवानगी हाय.

आत्ती : आण, माझ्याकडं दे. ये गं माझे बाई. रड, रड. पदरात तोंड घाल आणि रड. एवढंसं बोट आणि एवढा दम... बापासाठी रडू थोपवून धरलंस व्हय?

सौंदर्या : बापासाठी न्हाय, आत्ती. मालक रडला तर कारखाना बंद पडतोय.

—

सोमेश : चार वाजून गेले! अप्पा झोपल्यातच! अक्का, जिंकलीस!

सौंदर्या : मला म्हायतच होतं.

आत्ती : जिंकलीस गं पोरी. खोटं कशाला बोलू? ऱ्हाऊ दे तिला हितंच. मी निघतो. पाचची गाडी मिळंल.

सोमेश : सुशी तुमची पिशवी सोडंना झालीय.

आत्ती : सोड गं बाळ. उद्या बाजार हाय माझा.

सौंदर्या : आत्ती, एक इचारू? सुशीला नेणार होता त्ये अप्पांच्या झोपेसाठीच व्हय?

आत्ती : दुसरं कशासाठी?

सौंदर्या : तुमचे डोळे भरल्यात म्हणून इचारलं.

आत्ती : ...झोपेसाठी बी हुतं. पर तुझे मामा, माझे घरवाले, गेल्यापासनं लई जड जातंय बघ. बाजारातनं घरी जातो, कुलूप काढतो, आणि पुढं कुणाचा हूं का चूं न्हाय. भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असतंय. वाटलं, ही आली तर घरात कोणतरी रडंल, कोणतरी हट्ट करंल. हितं तुमाला आवाज नको झालाय, तिथं मला आवाजाची भूक लागलीया.

सौंदर्या : मग आधीच सांगायचं की! एकटीला कशाला नेताय? दर आठवड्याला अप्पांच्या सुट्टीला आमी तिघंबी येतो. अप्पांना झोपायला मोकळं घर मिळंल. सुशीला सापशिडी द्या, सोम्याला बॅट द्या.

सोमेश : खरंच? आणि वरडलं तर चालंल?

आत्ती : या रं. वरडा, भांडा, भांडी पाडा. भिंती हालल्या तरी कोण काय म्हणत न्हाय.