फुग्यात एक जागा कमी

घ्या, घ्या, चहा घ्या दादा, वहिनी, तुमीही घ्या, थंडा होईन... माझ्याकडं काय पाहून राहिले? मी नाई म्हणलो न बायकोले, म्हणून नाई आला माझा कप. आन तो भिंतीवरचा फोटोही नका पाहू! जो येते तो खुर्चीवर टेकाच्या आधी फोटोच पाहाते, "वा देवीदासभाऊ! फुग्यात बसले! वाळवंटात! मजा केली तुमी त!" कायची मजा, बाप्पा? काऊन मजा? आपल्या अख्ख्या कुडवा गावात बोंब हाय की हा देवीदास गजभिये बायकोले खाली रेतीत उभी ठेवून एकटाच आभाळात गेला. गेलो. खोटं कायले बोलू? गेलो एकटाच. पण इचारलं होतं मी! हे कोणी सांगत नाई. इचारलं होतं मी!

तुमी आताच राहाले आले बाजूले, तुमाले माईत नाई, म्हणून शुरूपासून सांगतो. या अन्नपूर्णेचं माहेर बिरसीकडचं. तिथं ते विमानतळ, शिकाऊ पोट्टे लहान लहान विमानं घेऊन दिवसभर घिरट्या घालतेत, आपल्या छतावरूनही दिसतेत. ही कपडे वाळवाले गेली की गेलीच! ओलं लुगडं हातात, मान वर. मी खालून बोंबलतो, "काव, भाजी लागून राहिली!" त ही म्हणते, "लागू द्या." एक दिवस मी म्हणलो, एवढं काय पाहातं व त्या विमानात? त म्हणे, "जलमभर चिखलात वाकून रोवणी केली, खाली पाहू पाहू मान गेली. एकडाव वरून पाहाचं हाय मले. कसं दिसते ते." बस. तीस वर्सात त्या बाईनं एवढंच मांगलं. सोनं नाई, पैठणी नाई. वरून पाहाचं हाय म्हणे.

आमचा संघदीप रेल्वेत, अजमेरले. दोन हजार अकराची गोष्ट, चार वर्सं झाली. त्याचा फोन आला, "आई, पुष्करले उंटायचा मेळा भरते, तिथं गरम हवेचा फुगा उडते, खाली टोपलं, टोपल्यात माणसं. सूर्य निघाच्या टायमाले वाळवंटावरून नेतेत. तुमच्या लग्नाले तीस वर्सं झाली, तुमा दोघायचं बुकिंग केलं." आता ही बाई तुमाले सांगतो, फोन ठेवला आन देव्हाऱ्यासमोर... म्हणजे आमच्याकडं देव्हारा नाई, बुद्धायची मूर्ती हाय, तिच्यासमोर जाऊन बसली. आन गपचाप हसून राहिली. मी म्हणलो, काय झालं? म्हणे, "काई नाई. हिरवा स्वेटर धुवाचा हाय."

गेलो. एक दिवस आन एक रात गाडीत. हिनं डब्यात काय काय घेतलं सांगू? चिवडा, तिखट पुऱ्या, वरून पाच किलो नवा तांदूळ पोट्ट्यासाठी! अजमेरले काय तांदूळ भेटत नाई? म्हणे, "भेटते, पण तो आपला नाई."

आन आता जे झालं ते नीट ऐका, कारण इथंच माझं वाट्टोळं झालं. उडाच्या आदल्या दिवशी संघदीप एक फारम घेऊन आला. नाव, गाव, वय, वजन. म्हणे, "बाबा, वजन बरोबर सांगा बरं, फुग्याचा सगळा हिशोब वजनावर राहते." आता हे कोणाले सांगून राहिला? मले! अरे, अठ्ठावीस वर्सं मी राईस मिलात काट्यावर बसलो! धानाचा कट्टा, पोतं म्हणा, काट्यावर ठेवाच्या आधी नजरेनं सांगतो, हा बासष्ट, हा साडेबासष्ट. सेठ सोता म्हणे, "देवीदासजी, काँटा बिगड़ सकता है, आप नहीं बिगड़ते." मी पोट्ट्याले म्हणलो, आण तो फारम इकडं, मले शिकवतं का तू?

पण आमच्या धंद्यात एक रीत हाय. धान ओलं असते, बारदान्याचं वजन असते, खडा-माती असते, म्हणून काट्यावर जे येते त्याच्यातून थोडं कापाचं आन मंग कागदावर लिहाचं. त्याले म्हणतेत कडता. अठ्ठावीस वर्सात पूरं वजन मी कागदावर कधी लिहिलंच नाई! हातच तसा वळत नाई, काय करू? मी होतो चौऱ्याऐंशी. म्हणलो, याच्यात बूट आला, स्वेटर आला, रातचं जेवण आलं... कडता कापला, लिहिलं शहात्तर. ही होती एकोणसत्तर. कापला कडता, लिहिलं एकसष्ट. सही केली. झालं! मनात म्हणलो, पाह्य, कसं साफ काम!

पहाटे साडेपाचले रेतीत उभे. थंडी अशी की दात वाजून राहिले. समोर तो फुगा, आपल्या तीन मजली बिल्डिंगीएवढा, आडवा पडून हळूहळू फुगून राहिला, आत आगीचा भपका, धडाड! ही माझा हात धरून उभी. तीस वर्सात चारचौघात माझा हात धरला नाई तिनं, पण त्या दिवशी धरला. संघदीप बाजूले, आईचे फोटो काढून राहिला. आन आमच्यासंग टोपल्यात बसाले एक पुण्याचं जोडपं. बाई म्हणे, "अय्या, तुम्ही गोंदियाचे? म्हणजे नक्की कुठे येतं ते?" मी म्हणलो, जिथं महाराष्ट्र संपते न, तिथं सुरू होते.

तेवढ्यात तो गोरा पायलट आला, हातात कागद. कागदाकडं पाहे, मंग माझ्या पोटाकडं पाहे. पुन्हा कागदाकडं, पुन्हा पोटाकडं. मंग गाडीतून वजनाचं मशीन काढलं, एवढंसं, लायनीत उभं केलं सगळ्यायले. पुण्याचे साहेब चढले, बरोब्बर! बाई चढल्या, बरोब्बर! वरून म्हणतेत, "आम्ही हॉटेलवरूनच वजन करून निघालो. रिकाम्या पोटी." मरा न मंग रिकाम्या पोटी, सांगता कायले? मंग मी चढलो. आयुष्यभर लोकायले काट्यावर चढवलं, आन त्या दिवशी... पायलट म्हणते, "सर, धिस इज नॉट सेव्हंटी सिक्स." मी म्हणलो, ओलावा पकडा न थोडा! त्याले काय समजते ओलावा? हिले चढवलं. एकोणसत्तर. हिनं मशीनकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. तिले कडता माईत हाय, तिच्या बापाचं धान आमच्याच मिलात येत होतं.

सोळा किलो जास्त! हिची थैली काढून ठेवली, स्वेटर काढतो म्हणली बिचारी, पण सोळा किलो स्वेटरात कुठून निघन? पायलटच्या हाताखालचा माणूस आला, म्हणे, "बाबूजी, एक जन को रुकना पड़ेगा. जल्दी बोलो, सूरज निकल रहा है." एक जन कोण? पुण्याचे त हलत नाईत, ते कागदानं बरोबर! म्हणजे मी नाईतर ही. पूर्वेकडं लाल होऊन राहिलं, फुगा उभा झाला, दोर ताणून राहिला, तो माणूस "जल्दी, जल्दी" करून राहिला, आन मी... मी इचारलं. सगळ्यायच्या देखत इचारलं. "तू जातं का व?"

ही म्हणली, "नको. तुमीच जा."

आन मी गेलो.

आता हसू नका! टोपल्याले पाय ठेवाले भोकं असतेत, माझा एक पाय त भोकात होताच! कधी ठेवला मलेच माईत नाई, पण होता. ती म्हणली नको, म्हणून मी दुसरा ठेवला. माझी काय चूक? इचारलं होतं मी!

गेला फुगा वर. आवाज नाई, धक्का नाई, जमीनच खाली जाऊन राहिली असं वाटते. आन मी खाली पाह्यलं. हिरवा स्वेटर. हात कपाळावर धरून वर पाहून राहिली, जशी छतावरून विमान पाहाते न, तशीच. तशीच मान वर! आजूबाजूले उंट होते, तंबू होते, रेतीवर सूर्य आला, पिवळंधमक झालं सगळं, पुण्याची बाई "आई गं, काय सुंदर!" करून राहिली... मले काई दिसलं नाई. एक हिरवा ठिपका दिसला. बाई म्हणते, "अहो काका, काकू केवढ्याश्या दिसतायत!" मी म्हणलो, दिसून राहिलं मले, तुमी उंट पाहा. मंग हात हलवला तिच्याकडं. तोच फोटो पुण्याच्या साहेबानं काढला, तोच तुमी पाहून राहिले. लोक म्हणतेत, सूर्याले टाटा करून राहिला देवीदास!

पाऊण घंटा. पाऊण घंटा त्या टोपल्यात एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली. तुमी सांगा, आपल्याकडं पाहुणा जेवाले बसला, त पैल्यांदा "भात घ्या" म्हणलं की काय म्हणते? "नको." दुसऱ्यांदा? "पुरे, पुरे." आन तिसऱ्यांदा म्हणलं की ताट पुढं सरकवते. पैल्या नकोले कोणी नको समजते का? कोणी भाताचं भगोनं उचलून नेते का? या घरात गॅस कंपनीचा माणूसही आला त मी त्याले तीनडाव चहाचं इचारतो! आन तीस वर्सात ज्या बाईनं एक गोष्ट मांगली, तिले...

एकडाव. एकडाव इचारलं मी. खरं सांगू? दुसऱ्यांदा इचारलं असतं त ती हो म्हणली असती, आन मले ते माईत होतं. मलेही जाचं होतं, बाप्पा! मी काय रोज उडतो? पन्नास वर्सं मीही खालीच पाह्यलं!

उतरलो एका बाजरीच्या वावरात. ही आन संघदीप जीप घेऊन आले. ही उतरली, माझ्याजवळ आली, आन पैला सवाल काय इचारला? "कसं दिसते वरून?" डोळे असे मोठे करून. आता मले वाटलं, चांगलं सांगतलं त हिले वाईट वाटन. म्हणून म्हणलो, "काई खास नाई दिसत." ती म्हणली, "मंग गेले कायले?"

पायलट भला माणूस. म्हणे, मॅडमले उद्या नेतो, पक्कं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तिथंच उभे, हिरवा स्वेटर घालून. वारा सुटला! फुगा फुगवलाच नाई. तिसऱ्या दिवशी आमची गाडी. वरून त्यायनं सर्टिफिकेटं दिले, दोन! उडाच्या आदल्या रातीच छापून ठेवले होते. अन्नपूर्णा देवीदास गजभिये, इनं वाळवंटावरून उड्डाण केलं म्हणून. मी हिले द्याले गेलो, त हात मागं. म्हणे, "खोटा कागद मले नको. तुमाले सवय हाय, तुमी ठेवा."

गाडीत बसलो. हिनं डबा उघडला, म्हणे, "पुऱ्या घेता?" मी आपलं रीतीनं म्हणलो, "नको." त हिनं... हिनं डबा बंद केला! झाकण लावलं, थैलीत ठेवला, खिडकीबाहेर पाहाले लागली! मी वाट पाहून राहिलो, आता इचारन, मंग इचारन. भोपाळ गेलं, इटारसी गेलं, नागपूर गेलं. इचारलं नाई. गोंदियाच्या फलाटावर उतरलो त मले भोवळ.

चार वर्सं झाली, दादा. चार वर्सं! भांडण नाई, तंटा नाई, रुसवा नाई. माझी गोळी टायमावर देते, कपडे इस्तरी, सगळं बरोबर. फक्त एकडाव इचारते. "भात?" माझ्या तोंडातून निघते "नको", जुनी सवय, निघूनच जाते! की भगोनं आत. अरे, धानाच्या मुलखातला माणूस मी, अठ्ठावीस वर्सं भाताच्या ढिगाऱ्यात काढली, आन घरात अर्ध्या पोटानं उठतो! संघदीपले फोन केला, म्हणलो, तुझी आई जेवाले देत नाई. तो म्हणते, "आई म्हणते, इचारते मी."

मागल्या महिन्यात मिलात गेलो, जुन्या लोकायले भेटाले. गंमत म्हणून काट्यावर उभा राहिलो. किती भरलो, सांगा? शहात्तर! बुटासकट, स्वेटरासकट, पूरे शहात्तर! फारमात जेवढं लिहिलं होतं तेवढंच, किलोनं कमी नाई, जास्त नाई. घरी येऊन हिले सांगतलं. म्हणलो, पाह्य, आता तरी खरा झाला न माझा कागद? ही तांदूळ निवडून राहिली होती. म्हणे, "झाला." आन बाहेर विमानाचा आवाज आला त सूप ठेवून छतावर गेली.

मी ठरवलं हाय आता. पैल्याच बारीले "हव" म्हणाचं. रोज सकाळी उठून ठरवतो. "हव, दे." दोन शब्द, काय कठीण हाय त्याच्यात? आता पाहा, येऊन राहिली ती किटली घेऊन, पाहा तुमी... ये, ये, अन्नपूर्णे, यायले दे... नाई काय म्हणता वहिनी, घ्या न, ती ऐकणार थोडीच हाय! पाह्यलं? "अजून अर्धा कप घ्या न," एकडाव. "चहाच त हाय," दोनडाव. "माझ्या हातचा आवडला नाई का?" तीनडाव! आन ओतला! याले म्हणतेत इचारणं! आता माझ्याकडं वळली...

काय? मले? नाई, नाई, नको, यायले दे तू, मी काय घरचाच...

गेली.

पाह्यलं न तुमी? गेली! आता काय बोलता... इचारलं होतं न तिनं.